तू पोरांना विचारलंस

गौतमी, तुला जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि माणसं तुझ्याबद्दल गोड बोलायला लागली. परवा तुझ्या गल्लीतल्या विहारात सगळे जमले होते. एकानं तुला 'आदर्श' म्हटलं, दुसऱ्यानं 'त्यागमूर्ती'. तू माझ्या शेजारी बसलेली असतीस तर कानाशी वाकून म्हणाली असतीस, "विमल, ह्येंनी माझ्या शाळंत एक पोरगं तरी धाडलं व्हतं का, इचार की." हे मनात आलं आणि मी हसले. रडणाऱ्या बायांमध्ये मी एकटीच हसत होते. मग ते आवरेना, आणि त्या हसण्याचं पुढं काय झालं ते तुला सांगायला नको.

तू कुठं जन्मलीस, किती वर्षं नोकरी केलीस, हे सगळं खात्याच्या कागदांत आहे. ते मी लिहीत नाही. तुझंमाझं एक भांडण राहिलंय, ते अर्धं टाकून तू गेलीस. माझ्या बाजूचं तरी पुरं करावं म्हणून बसले आहे.

बीदरला ट्रेनिंगला असताना आपण एका खोलीत राहिलो. दुसरी कुणी तुझ्या खोलीत यायला तयार नव्हती, हे मला नंतर कळलं. तुला आधीपासून ठाऊक होतं. मी निर्ण्याच्या शेतकऱ्याची पोरगी, घरी शिवाशिव पाळणारी माणसं. पहिल्याच दिवशी तू तुझा तांब्या कोपऱ्यात सरकवलास आणि म्हणालीस, "माझं पाणी येगळं ठेवलंय. तुला तरास नगं." मी उठले आणि त्याच तांब्यातलं पाणी घटाघटा प्याले. काहीतरी मोठं केल्यासारखं वाटत होतं मला. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तहान लागली व्हती व्हय?" आपली मैत्री तिथून सुरू झाली. माझ्या मोठेपणाला तू कधी फारशी किंमत दिली नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले.

लहानपणी तू शाळा दाराबाहेर बसून शिकलीस. आत जागा होती, पण तुझ्यासाठी नव्हती. मास्तरांचं अर्धं बोलणं ऐकू यायचं, उरलेलं तू मनानं जुळवायचीस. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी भारावून म्हणाले होते, "म्हणजे तू तुझी तूच शिकलीस की." तू एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं.

"त्येला शिकणं म्हणू नगंस, विमल. उपाशी माणसानं झाडाचा पाला खाल्ला तर त्येला कुणी सैपाक म्हणत न्हाई."

पुढं बऱ्याच वर्षांनी हेच तुझे शब्द मी तुझ्यावरच उलटवले.

आपल्या शाळेच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या पलीकडचं, एवढंच. तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. आपण दोघी तिथं रुजू झालो तेव्हा शाळा देवळाच्या ओवरीत भरत होती. तुझ्या वस्तीतली पोरं समोरच्या लिंबाखाली बसायची. आणि तू, सरकारनं नेमलेली शिक्षिका, ओवरीच्या पायरीवर उभी राहून आतल्या पोरांना शिकवायचीस, मग वळून लिंबाखालच्या पोरांना. तू कधी तक्रार केली नाहीस. नव्या खोलीसाठी मात्र खात्याचे उंबरे झिजवलेस. मंजुरी आली त्या दिवशी तू सगळ्या पोरांना घेऊन मोकळ्या जागेवर गेलीस.

"हितं आपली शाळा हुणार हाय," तू म्हणालीस. "कशी पायजे?"

पोरं आधी तुझ्याकडं बघायला लागली, मग माझ्याकडं. असं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं. मी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं तर तू माझा हात धरलास. मग पहिलीतली सुमित्रा, गावातल्या एका मजुराची पोरगी, नाक पुसत म्हणाली, "खिडकी खाली पायजे. मला भाईरचं दिसत न्हाई."

मग सगळीच बोलायला लागली. फळा खाली पाहिजे, त्यावर आम्हालाही लिहायचंय. फळा एकाच भिंतीला नको. दारं दोन पाहिजेत, एकात बाई उभ्या राहिल्या तर दुसऱ्यातून पळता येतं. तू हसत हसत सगळं मातीत काठीनं आखून घेत होतीस. पोरं त्या रेघांच्या आत जाऊन बसली. कोण कुठं बसलं ते मी बघितलं. तूही बघत होतीस. वस्तीतली पोरं आणि गावातली पोरं, आत बसायची पहिलीच वेळ, आणि भिंती अजून मातीवरच्या रेघा होत्या.

ख्वाजामियाँ गवंड्यांना तू ते सगळं समजावून सांगितलंस. त्यांनी एवढ्या खाली खिडकी कधी बसवली नव्हती. शाळेला ते मदरसाच म्हणत. दाढी खाजवत ते म्हणाले, "मदरसा बच्चों का है ना बाई, तो बच्चे बोले वैसाच बनातूं." आणि तसंच बांधलं. लाल दगडाच्या भिंती, शहाबादी फरशी, चारी बाजूंना पोरांच्या छातीइतके फळे.

त्या खोलीत आपण घालवलेली वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्याच वर्षांत मी तुझ्याशी सगळ्यात जास्त वाद घातला. सकाळी तू प्रत्येकाला विचारायचीस, आज काय करणार? दगडूला गावच्या विहिरीचं पाणी का खाली जातं ते बघायचं होतं. तो दर आठवड्याला दोरी सोडून मापायचा आणि फळ्यावर लिहायचा. त्याला वजाबाकी येत नव्हती, ती त्या विहिरीपायी आली. सुमित्राला गोष्टी वाचायच्या असत. तिसरीत गेल्यावर ती दर दुपारी सगळ्या शाळेला मोठ्यानं वाचून दाखवायची, हातानं, डोळ्यांनी, मधेच थांबून. मोठी पोरंसुद्धा हलायची नाहीत. शनिवारी सभा भरायची. झाडलोट, भांडणं, पुढच्या आठवड्याचा अभ्यास, सगळं तिथं ठरायचं. आपल्या दोघींना प्रत्येकी एकच मत.

मी म्हणायचे, धडे मागं पडायलेत, परीक्षेला काय करशील? तू म्हणायचीस, "पडू देत, गाठतील." आणि गाठायचीही. कारण ज्याचं अडलं त्याच्याजवळ तू जाऊन बसायचीस, त्याला सुटेपर्यंत उठायची नाहीस. लोकांना वाटायचं, तू पोरांना मोकळं सोडलंयस. मला ठाऊक आहे, आपल्या तालुक्यात तुझ्याइतकं राबणारी शिक्षिका दुसरी नव्हती. "सोपवणं येगळं आन सोडून देणं येगळं," असं तू म्हणायचीस. दाराबाहेर बसलेल्या पोरीलाच तो फरक इतका नेमका कळावा.

मग कानडीचा प्रश्न आला.

आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात मराठी, बाजारात कानडी आणि उर्दू, कचेरीत नुसती कानडी. गावातली मोठी माणसं मात्र, आज ना उद्या आपण महाराष्ट्रात जाऊ, या आशेवर होती. मीही होते. खात्यानं विचारणा केली की या गावात कानडी शाळा काढली तर किती पोरं जातील. हेडमास्तरीण म्हणून उत्तर तुला द्यायचं होतं. एक ओळ लिहून देता आली असती, गरज नाही म्हणून. मी तेच सांगितलं.

तू म्हणालीस, "शनवारी इचारू."

"कुणाला?"

"ज्येला शिकायचं हाय त्येला."

तो शनिवार मी विसरू शकत नाही. दगडू म्हणाला, कानडी आली की बसवर कंडक्टर होता येतं. कुणी म्हणालं, मराठी आपण घरी बोलायलाव की, ती कुठं जायली? कुणी म्हणालं, मला नको, कानडी अक्षरं गोल गोल असतात, हात दुखतो. पोरं हसली. मला हायसं वाटलं. वाटलं, असंच हसण्यावारी जाईल.

मग सुमित्रा उठली. तेव्हा ती सहावीत होती. पावसाळ्याआधी तिची आई गेली होती. आपण तिच्या घरी जाऊन आलो होतो. पण ती काय सांगणार आहे हे आपल्या दोघींना ठाऊक नव्हतं.

"मायला बरं न्हवतं तवा मी तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं," ती म्हणाली. "बा कामावर गेल्ता. तिथं समद्या पाट्या कानडीत. माय म्हणली, वाच की सुमे, शाळंत जायलीस न्हवं. मला वाचता येईना. मी म्हणलं, हीच लाईन हाय, माय. दुपारपातूर हुबं राहिलो. नंबर आला तवा ते म्हणले, ही लाईन न्हाई. दुसरी खिडकी तवर बंद झाल्ती."

मी न राहवून म्हणाले, "अगं, कुणाला तरी विचारायचं."

"लाज वाटली, बाई. मला वाचता येतंय असं माय समद्या गल्लीला सांगायची."

ती खाली बसली. दवाखान्यातून परतल्यावर त्याच आठवड्यात तिची आई गेली होती. दवाखान्यातली ती दुपार तिनं कुणालाही सांगितली नव्हती, बापालासुद्धा नाही. तू उठून तिच्याजवळ जाऊन बसलीस. तिला जवळ घेतलं नाहीस, नुसती शेजारी बसलीस. नंतर कानडीच्या बाजूनं हात वर झाले. मोजायची गरज नव्हती. ज्याचा हात दुखत होता त्यानंसुद्धा वर केला होता.

पोरं गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. म्हणाले, "हे त्यांनी ठरवलं नाही, गौतमी. एका पोरीच्या दुःखानं ठरवलं."

"मोठी माणसं दुसऱ्या कशानं ठरवतेत?" तू म्हणालीस.

"पण कळतं का त्यांना, ते काय मागायलेत?"

"न्हाई कळत. आपल्याला तरी कळतंय का?"

सोमवारी तू खात्याला जे खरं ते कळवलंस. त्यानंतर पंचायतीतले अण्णाराव चारचौघांना घेऊन शाळेत आले. तसे ते बोलायला सभ्य होते. "बाई," ते म्हणाले, "पोरांना काय इचारायलाव तुमी? उद्या म्हणतील शाळाच नगं."

"म्हणू देत की. कामून नगं, ते इचारीन."

"आमी इतकी वर्सं मराठीसाठी झगडायलाव, आन तुमी आतनं कडी काढून दिलाव." मग त्यांच्या मनातलं बाहेर आलं. "तुमच्या लोकांचं काय म्हणा. देव बदलला, नाव बदललं. आता भाषा."

मी तुझ्याकडं बघितलं. तू शांत होतीस. तू म्हणालीस, "व्हय अण्णा, नाव बदललं. मी चौदा-पंधरा वर्सांची आसंन. माझ्या अप्पांनी मला जवळ बसवलं आन म्हणले, पोरी, तुला कोणतं नाव पायजे? तवर मला कुणी कायबी इचारलं न्हवतं. कुठं बस, किती लांब हुबी रहा, समदं लोकच सांगायचे. त्या दिशी मी म्हणलं, गौतमी. नाव लोकांनी ठेवलेलं न्हाई, मी घेतलंय."

अण्णाराव आल्या वाटेनं निघून गेले. मग गावानं तुझ्याशी बोलणं टाकलं. दुकानदार सामान द्यायचा, पण हातात द्यायचा नाही, ओट्यावर ठेवायचा. ओवरीच्या दिवसांत तो जसा ठेवायचा तसाच.

कानडी शाळा त्याच खोलीत आली. मराठीला मूठभर पोरं उरली, वर्ग बंद झाला. मला माझ्या गावाकडं निर्ण्याला धाडलं, तुला कमठाण्याला. पोरांना कानडी मिळेल आणि शाळा तशीच राहील, असं तू धरून चालली होतीस. हा तुझा भाबडेपणा होता. भाषा बदलली की माणूस बदलतो, आणि माणूस बदलला की खोली.

नवे मास्तर वाईट नव्हते. त्यांना जसं शिकवलं गेलं तसं ते शिकवत होते. त्यांनी फळे उतरवून एकच फळा वर लावला, पोरांच्या हाताला न पुरणारा. वारा येतो म्हणून मागचं दार चिणून घेतलं. पोरांना रांगेत बसवलं. मराठी शब्द तोंडातून निघाला की छडी. सभेचं कुणी नाव काढलं नाही. सुमित्राला पहिलीतल्या पोरांत बसवलं, कारण कानडी अक्षरं तिला येत नव्हती. सगळ्या शाळेला गोष्टी वाचून दाखवणारी पोरगी, गुडघे पोटाशी घेऊन चिमुरड्यांच्या रांगेत. वर्षभर ती बसली. मग बसली नाही.

तिचं लग्न ठरलं हे कळल्यावर आपण दोघी तिच्या घरी गेलो. बाप म्हणाला, "शाळंचा नाद तिनंच सोडला, बाई. मी तिला इचारलं, जायलीस का? ती म्हणली, न्हाई." तू अंगणात उभी होतीस. सुमित्रा दारात आली, तुझ्या पाया पडली आणि आत गेली. तुला काही विचारायचं होतं, तोंडापर्यंत आलेलं मी बघितलं. तू विचारलं नाहीस.

परत येताना भालकीच्या स्टँडवर मी तुला ते बोलले. मला दुःख झालं होतं, पण रागावल्याशिवाय मला दुःख दाखवता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, "तू पोरांवर टाकून मोकळी झालीस. सोपवणं आणि सोडून देणं वेगळं म्हणतेस ना? मग हे काय केलंस? पाला दिलास त्यांच्या हातात आणि म्हणालीस, करा सैपाक."

तुझी बस आली. तू चढली नाहीस. ती गेल्यावर दुसरीची वाट बघत तू म्हणालीस, "इचारलं ती चूक न्हाई, विमल. इचारल्यावर मी तिथं राहिले न्हाई, ती चूक."

"राहणार कशी होतीस? बदली खात्यानं केली."

"मला कानडी आली असती तर राहिले असते."

मला वाटलं, ही बोलायची गोष्ट. पण तू कमठाण्याला परत गेलीस आणि कानडी पहिलीच्या वर्गात जाऊन बसलीस. चाळिशीतली बाई, केस पिकायला लागलेली, पाटी घेऊन. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना ते आवडलं नाही, मान जातो म्हणाले. मी एकदा भेटायला आले तेव्हा तू अंगणात पोरांच्या घोळक्यात बसली होतीस. मल्लम्मा नावाची एक एवढीशी पोरगी तुझं अक्षर बोटानं पुसत सांगत होती, "हंगल्ला टीचर, हिंग." असं नाही, असं. तू पुन्हा काढलंस, ते पुन्हा चुकलं. पोरीनं कपाळावर हात मारला. मी इतक्या वर्षांत तुला इतकी आनंदी बघितली नव्हती.

"लई मारकुटी मास्तरीण हाय," तू मला म्हणालीस. "पण उठत न्हाई. मला येईपातूर उठत न्हाई."

त्या पोरीला कुणी हे शिकवलं होतं का? तू म्हणालीस, नाही. तिला मी नुसतं विचारलं, शिकवतीस का.

तू कानडीची परीक्षा दिलीस, पास झालीस. आणि त्या गावाला, त्याच खोलीत, परत जायचं म्हणून बदली मागितलीस. मागचं दार उघडायचं होतं तुला. गावातून खात्याकडं निरोप गेला की ह्या बाई नकोत. तू पुन्हा मागितलीस. पुन्हा निरोप गेला. तिसऱ्यांदा बदली मिळाली, अण्णाराव तोवर वारले होते. तू मला हे सांगायला निर्ण्याला आलीस तेव्हा अंगणात जिना चढल्यासारखी धापा टाकत होतीस. मी म्हणाले, आधी डॉक्टरला दाखव. पोटात गाठ निघाली. गावी रुजू व्हायचं ते राहूनच गेलं.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात मी तुझ्याबरोबर होते. तपासणीला बसलो की तू एका जागी बसायची नाहीस. औराद-भालकीकडची मराठी माणसं कानडी पाटीसमोर घुटमळताना दिसली की उठून जायचीस. "आज्जे, ही लाईन न्हाई, ती तिकडं." एकदा तू कुणाच्या तरी म्हाताऱ्या सासऱ्याला पलीकडच्या इमारतीत पोचवून येईपर्यंत तुझाच नंबर निघून गेला. मी रागावले. तू भिंतीला टेकलीस, चेहरा पांढराफटक, आणि म्हणालीस, "बोलू नगंस. ह्यापायी मला दमू दे."

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी मोसंबी सोलत होते. तू छताकडं बघत होतीस. "विमल," तू म्हणालीस, "खरं सांग. तू माझ्या जागी असतीस तर पोरांना इचारलं असतंस का?"

मी म्हणाले, "झोप आता."

तू झोपली नाहीस. वाट बघत राहिलीस. मी फोडीवरचं साल काढत राहिले. मोसंबी संपली तरी मी हात पुसत राहिले, आणि मग नर्स आली.

मी गप्प बसले ते उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. नसतं विचारलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एक ओळ लिहून दिली असती, गरज नाही. पोरं आपली बसली असती त्या खोलीत आणखी काही वर्षं, आणि सुमित्राची ती दुपार तिच्या पोटातच राहिली असती. हे बरं झालं असतं की वाईट, ते मला कळत नव्हतं. म्हणून बोलले नाही. मरणाऱ्या माणसाला अर्धं उत्तर कसं द्यायचं?

आता परवाचं सांगते. विहारातली भाषणं संपली, माणसं उठली. मी चपला शोधत होते. दाराशी एक बाई उभी होती, कडेवर पोर, उन्हानं काळवंडलेली. मी ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं.

सुमित्रा विटांच्या भट्टीवर काम करते. नवऱ्याचं बरं चाललेलं नाही. कुणीतरी बसमध्ये तुझ्याबद्दल बोलत होतं, ते ऐकून ती आली. आत यायचं धाडस झालं नाही, म्हणाली, दारातूनच ऐकलं. मी तिला पायरीवर बसवलं. तिला तुझ्याबद्दल पुष्कळ बोलायचं असेल असं मला वाटलं. ती नुसती पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "बाई, मला उभ्या जन्मात त्येंच्याशिवाय कुणी कायबी इचारलं न्हाई. लग्नाला इचारलं न्हाई. ह्या कामाला लावलं तवा इचारलं न्हाई. बा म्हणाला जायलीस का, ते इचारणं न्हवतं, त्येला उत्तर आधीच पायजे व्हतं. एक त्येंनी इचारलं. आन तवा मी चुकीचं सांगून बसले. माझ्यापायी शाळा गेली. त्येंची बी गेली."

गौतमी, ती इतकी वर्षं हे घेऊन जगली आहे. तुला हे ठाऊक होतं का? तिच्या अंगणात उभी राहून तुला जे विचारायचं होतं ते हेच होतं का? मला आता कधीच कळणार नाही.

मी तिचा हात धरला. खरखरीत, विटांनी सोललेला हात. तुझ्याशी मी वर्षानुवर्षं ज्या बाजूनं भांडले, ती बाजू माझ्या तोंडात येईना. मी म्हणाले, "न्हाई सुमे. तू खरं सांगितलंस. चुकीचं न्हवतं ते. आणि बाईंनी विचारलं, तेही चुकीचं नव्हतं."

हे तू जिवंत असताना मी तुला म्हणायला हवं होतं.

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. पोर रडायला लागलं होतं, आणि भट्टीवर संध्याकाळची हजेरी असते म्हणाली, म्हणून ती गेली.